कॉफीच्या लहान पेल्याची परीक्षा

रत्नागिरीसारख्या शहरांत आतां एस्प्रेसोचें यंत्र आलें आहे, आणि यंत्राच्या पाठोपाठ परीक्षकहि आले आहेत. पूर्वीं हॉटेलांत जाणारा मनुष्य चहा बरा असला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां जात असे, वाईट असला तर जात नसे. परीक्षेचा निकाल एवढाच. आतां पेला अर्धा झाला न झाला तोंच खिशांतला फोन बाहेर निघतो आणि पांचांपैकीं किती तारे द्यावयाचे याचा निर्णय होतो. त्या निर्णयांत बसावयाची खुर्ची, भिंतीवरचें चित्र, दुधाच्या फेंसावर काढलेलें पान आणि खोलींतली गार हवा यांचा वांटा मोठा असतो. कॉफीचा वांटा बहुधा शेवटीं येतो. चहाच्या दहापट किंमत देऊन जी वस्तु घ्यावयाची, ती वस्तूच परीक्षेंतून सुटावी हें कांहीं व्यवहाराचें लक्षण नव्हे. शिवाय या ताऱ्यांवर कोणाचें तरी पोट अवलंबून असतें. एखाद्या तरुणानें कर्ज काढून मारुति मंदिराच्या किंवा माळनाक्याच्या बाजूला दुकान थाटावें आणि चार उतावळ्या निकालांनीं तें बसावें, किंवा उलट, कॉफी वाईट असतांहि केवळ दिव्यांच्या झगमगाटावर तें चालावें, हे दोन्ही प्रकार सारखेच अन्यायाचे आहेत. म्हणून ही परीक्षा कशी करावी याचा थोडा विचार करणें अस्थानीं होणार नाहीं.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. महाराष्ट्रांतील बहुतेक घरांना ‘एक्स्प्रेसो’ ठाऊक झाली ती लग्नाच्या मांडवांतून. मांडवाच्या एका कोपऱ्यांत चकचकीत पत्र्याचें उंच यंत्र उभें असे. कपांत साखर आणि तयार कॉफीची पूड आधींच घोटून ठेवलेली असे. यंत्राची नळी दुधांत बुडाली कीं मोठा फुसकारा होई, फेंस कांठापर्यंत चढे, आणि त्यावर चॉकलेटची पूड चिमूटभर पडे. मुलें त्या चिमटीसाठींच रांगेंत उभीं राहत. हें पेय वाईट होतें असें मुळींच नाहीं. पाहुणे दमून गेल्यावर रात्रीं अकराच्या सुमारास त्याची बरोबरी करणारें दुसरें पेय मांडवांत मिळणें कठीण. पण तें एस्प्रेसो नव्हे. त्या यंत्रांत नुसती वाफ तयार होते आणि ती दूध तापविते. कॉफीच्या पुडींतून दाबाखालीं पाणी जातच नाहीं. इटालियन यंत्राचीं कामें दोन, एक कॉफी काढण्याचें आणि दुसरें दूध फुलविण्याचें. मांडवांतल्या यंत्रानें दुसरें तेवढें उचललें आणि नांव मात्र पहिल्याचें लावलें. याचा परिणाम असा होतो कीं, नव्या दुकानांत जाऊन जुन्या ओळखीनें ‘एस्प्रेसो’ मागणाऱ्या गृहस्थापुढें जेव्हां दोन घोटांचा काळाकुट्ट कडू द्रव येतो, तेव्हां त्याला आपण फसलों असें वाटतें. या गृहस्थाशीं पुढें पुन्हां गांठ पडणार आहे.

खरा एस्प्रेसो जन्मला तो घाईच्या पोटीं. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो यानें १८८४ मध्यें वाफेच्या साह्यानें कॉफी काढणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्या यंत्रानें एकदम पुष्कळ कॉफी निघे. मिलानच्या लुइजी बेझेरा यानें १९०१ मध्यें ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांत प्रत्येक ग्राहकासाठीं वेगळा पेला निघण्याची सोय झाली, आणि देसिदेरिओ पावोनी यानें तें पेटंट विकत घेऊन यंत्राचा व्यापार वाढविला. परंतु नुसत्या वाफेचा दाब थोडा आणि उष्णता फार; कॉफी करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्याच आकिले गाज्जिया यानें दांडा व स्प्रिंग यांच्या जोरानें पाणी पुडींतून लोटण्याचें यंत्र बाजारांत आणलें, तेव्हां दाब कितीतरी पटींनीं वाढला आणि पेल्यावर प्रथमच तांबूस फेंसाचा थर दिसूं लागला. लोकांना हा फेंस कसला याचा संशय आला. विक्रेत्यांनीं मग तीच कॉफीची नैसर्गिक साय म्हणून तिची जाहिरात केली, आणि आज त्या सायीवांचून एस्प्रेसोची कल्पनाच करवत नाहीं. १९६१ मध्यें फाएमा कंपनीच्या यंत्रानें दांडा ओढण्याचें काम विजेच्या पंपाकडे दिलें. तेव्हांपासून आजतागायत तत्त्व तेंच आहे.

इटलीच्या या गोष्टींत हिंदुस्थानचा भाग थोडा नाहीं. भारतांतून परदेशीं जाणाऱ्या कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक अनेक वर्षें इटलीच आहे, आणि कर्नाटक-केरळांतील रोबस्टा जातीची बी तेथील मिश्रणांत पडते ती मुख्यतः दाट सायीसाठींच. म्हणजे जो पेला परदेशी म्हणून कौतुकानें पाहिला जातो, त्याचें मूळ कधीं कधीं चिकमगळूर-कोडगूच्या डोंगरांत निघतें.

१९९८ मध्यें इटलींत स्थापन झालेल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेनें या पेल्याचें माप ठरवून दिलें आहे: पूड ७ ग्रॅम, पाणी ८८ अंश सेल्सियस, दाब वातावरणाच्या सुमारें ९ पट, वेळ २५ सेकंद, आणि पेल्यांत सायीसकट २५ मिलिलिटर. हल्लींचीं पुष्कळ दुकानें पूड याहून बरीच अधिक घेतात, आणि तें चुकीचें नव्हे. सर्व आकडे पाठ करण्याची जरूर नाहीं; त्यांतला वेळेचा आकडा मात्र उपयोगाचा आहे, कारण तो हातांतल्या घड्याळावर कोणालाहि तपासतां येतो. धार सुरू झाल्यापासून दहाबारा सेकंदांत पेला भरला तर पाणी पुडींतून नुसतें पळालें. पाऊण मिनिट थेंब थेंब पडत राहिला तर तें आंत कोंडलें. दोन्ही पेले चांगले लागणार नाहींत, हें चव घेण्यापूर्वींच सांगतां येतें.

परीक्षा करावयाची तर मागवावा तो हा लहान, बिनदुधाचा पेला. सुगरण ओळखावी ती साध्या वरणभातावरून. श्रीखंडांत साखर आणि वेलदोडा पुष्कळ दोष झांकतात. तसें दूध, साखर, चॉकलेटचा पाक आणि बर्फ यांच्या खालीं कॉफी कशीहि असली तरी खपून जाते. लहान पेल्याला आडोसा नाहीं.

पेला येण्यापूर्वीं कानांनीं काम करावें. मागणी दिल्यानंतर दळण्याच्या यंत्राचा आवाज झाला काय? न झाला, तर पूड आधीं दळून ठेवलेली आहे. आणि कॉफीच्या पुडीचा सुवास तासांनीं नव्हे, मिनिटांनीं उडतो. मागचा चोथा ठोकून टाकल्याचा आवाज आला काय, आणि नवी पूड भरण्यापूर्वीं गाळणी पुसली काय, हेंहि बसल्या जागेवरून कळतें. मग डोळे. साय भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची, बारीक आणि एकसंध असावी. वर टाकलेली साखर क्षणभर तरून मग बुडावी. साय फिकट, मोठ्या बुडबुड्यांची आणि मध्यें फाटलेली असेल तर पाणी भरकन निघून गेलें. काळपट असून मधोमध डाग असेल तर पूड जळली. पेला हाताला कोमट लागला पाहिजे. थंड चिनी मातींत ओतलेली एवढीशी कॉफी ग्राहकापर्यंत येईतोंच निवते.

जिभेची परीक्षा नाजूक आहे, पण मराठी घरांतल्या जिभेला ती अवघड नाहीं. कडूपणा हा दोष नव्हे. कोणता कडूपणा, हा प्रश्न आहे. कारल्याची भाजी कडू असते आणि करपलेली भाजीहि कडू असते. या दोहोंतला भेद ज्याला कळतो त्याला एस्प्रेसोची निम्मी परीक्षा आली. पहिला कडूपणा तोंडांत गोडसर होत मावळतो, दुसरा राखेसारखा घशाला चिकटून बसतो. तीच गोष्ट आंबटपणाची. डोंगराळ अरॅबिका हलकी भाजली तर तिला फळाचा आंबूसपणा असतो, जसा पिकत आलेल्या आंब्याला असावा. पण कच्च्या चिंचेसारखे दांत आंबले तर कॉफी पुरती उतरली नाहीं असें समजावें. तिसरा दोष खवटपणाचा, आणि तो कोंकणांतल्या मनुष्याला शिकवावयास नको. जुन्या खोबऱ्याचा वास ज्यानें ओळखला तो हाहि ओळखील. बीमधलें तेल जुनें झालें, किंवा यंत्राच्या जाळींत कालपरवाचें तेल साठून राहिलें, कीं तो वास येतो. येथें कॉफीची निवड चुकलेली नसते, घासण्याचा आळस झालेला असतो. म्हणून या दोषाला गुण सर्वांत अधिक कापावेत. पेल्यांत साखर घालावी कीं नाहीं याबद्दल मात्र कोणी कोणाला हिणवूं नये. इटलींतहि पुष्कळ लोक घालतात.

दुधाच्या पेयांविषयीं थोडक्यांत. त्याच संस्थेच्या मापाप्रमाणें कापुचिनोला १०० मिलिलिटर थंड दूध वाफेनें फुलवून सुमारें १२५ करावयाचें आणि उष्णता ५५ अंशांच्या आसपास ठेवावयाची. आपल्या घरांत दूध उकळलें म्हणजेच तापलें अशी समजूत असल्यामुळें ‘कॉफी कोमट आहे’ ही तक्रार या पेयाविरुद्ध नेहमीं होते. ती तक्रार करणाऱ्याला कडक गरम कॉफी मिळावी. पण तिच्यासाठीं तारे कापूं नयेत. फेंसावरच्या पानाला गुण द्यावे, पण दोन आणेच. घरची जायफळ घातलेली कॉफी हें आणखी निराळें प्रकरण. जायफळ कोंकणांत पिकतें. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें त्याची ‘कोंकण सुगंधा’ ही जातहि काढली आहे. उपासाच्या दिवशीं जायफळाची दुधाळ कॉफी पिऊन ज्यांची जीभ घडली, त्यांनीं तें माप या काळ्या पेल्याला लावूं नये. तसेंच एस्प्रेसो शिकून आलेल्या तरुणांनीं आजीच्या पातेल्याकडे पाहून नाक मुरडूं नये. पातेल्यांतली कॉफी निराळ्या वर्गांत बसते, आणि त्या वर्गांत ती पहिली येते.

आतां रत्नागिरीची स्वतःची अडचण. येथें वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. या हवेचें कॉफीशीं नातें मोठें विचित्र आहे. शिडांच्या जहाजांतून मलबारची कॉफी युरोपांत जाई तेव्हां वाटेंत महिनेच्या महिने जात, आणि समुद्राच्या दमट हवेनें कच्ची बी फुगून पिवळट होई, तिचा आंबटपणा मरे. १८६९ मध्यें सुएझचा कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास तोकडा झाला. तेव्हां युरोपांतल्या गिऱ्हाइकांची चव राखण्यासाठीं पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरकडील गुदामांतून पावसाळी वारा खेळवून ती बी मुद्दाम तशी करूं लागले. ‘मलबार मान्सून’ म्हणून ती कॉफी आजहि प्रसिद्ध आहे. जो ओलावा कच्च्या बीला असा मानवतो, तोच भाजलेल्या बीचा वैरी होतो. पूड हवेंतलें पाणी ओढून घेते, तिची गति बदलते, आणि सकाळीं जुळवलेलें दळण दुपारच्या सरीनंतर पुन्हां जुळवावें लागतें. मार्चमध्यें उत्तम पेला देणारें दुकान जुलैंत घसरतें तें बहुधा यामुळें. दुकानदाराची खरी विद्या दिसते ती जुलैंतच. दळणाचा कांटा हलवून, एकदोन पेले स्वतः चाखून आणि ओतून देऊन, मग तो गिऱ्हाइकाकडे वळतो काय, हें पाहावें. पावसांत वीज गेली तर यंत्र निवतें आणि तें पुन्हां नीट तापावयास वीसपंचवीस मिनिटें लागतात. ‘यंत्र अजून तापलें नाहीं, थोडें थांबावें लागेल, नाहींतर चहा देतों’ असें जो सांगतो, त्याला त्याच वाक्याबद्दल पूर्ण गुण द्यावेत. कारण तें सांगतांना तो हातचे पैसे सोडीत असतो.

येथें सेवेचा विषय निघतो. २००० सालापासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धेंत कॉफी करणाऱ्यानें पंधरा मिनिटांत बारा पेयें परीक्षकांपुढें ठेवावयाचीं असतात, आणि तेथेंहि नुसत्या चवीवर निकाल लागत नाहीं. हातांची स्वच्छता, वाया गेलेली पूड, पेला पुढें ठेवण्याची रीति, सगळें पाहिलें जातें. रत्नागिरींत मात्र सेवेची परीक्षा या स्पर्धेहून जुनी आणि कितीतरी कठीण आहे. याच शहरांत १ मे १९३३ रोजीं, स्थानबद्धतेंत असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनीं अखिल हिंदु उपाहारगृह सुरू केलें. त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या मनुष्याला हॉटेलाचें दार बंद असे. कोठें चहा मिळालाच तर कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली, आणि विसळावयाची ती त्यानेंच. या उपाहारगृहांत सर्व जातींच्या लोकांना चहाफराळ मिळे तो महार जातीच्या माणसाच्या हातून, आणि भेटीस येणाऱ्यानें आधीं तेथें चहा घ्यावा असा सावरकरांचा दंडक असे. ‘अखिल हिंदु’ या नांवांत त्या गृहाची मर्यादाहि होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण त्या चहाच्या चवीविषयीं कोणी भांडलें नसेल. भांडण होतें तें तो कोणाच्या हातून घ्यावयाचा आणि कोणाच्या शेजारीं बसून प्यावयाचा याविषयीं. पुढें १९५० मध्यें अमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमानें उपाहारगृहांत कोणालाहि अडविण्यास बंदी केली.

दार उघडें झालें तरी उंबरठे राहतात. आजचा उंबरठा किंमतीचा आहे आणि भाषेचाहि आहे. पाटीवरचीं सारीं नांवें इंग्रजींत किंवा इटालियन, आणि काउंटरामागचा मुलगा मराठी असूनहि इंग्रजींत विचारणार; अशा ठिकाणीं मिरकरवाड्याची मासळी विकणारी बाई पैसे जवळ असूनहि आंत येत नाहीं, आणि आलेला वयस्क मनुष्य विचारण्याची लाज वाटून जें नांव ओळखीचें तेंच मागतो. तोच तो मांडवांतल्या एक्स्प्रेसोच्या आठवणीनें आलेला गृहस्थ. त्याच्याशीं दुकान कसें वागतें यावर सेवेचे निम्मे गुण ठेवावेत. एक प्रकार असा कीं, कांहीं न सांगतां लहान पेला पुढें आदळावयाचा आणि तो तोंड वांकडें करील तेव्हां आपसांत हंसावयाचें. दुसरा असा कीं, त्याला कळत नाहीं असें पाहून सर्वांत महाग पेय गळ्यांत मारावयाचें. तिसऱ्या प्रकाराला एकच वाक्य लागतें: ‘काका, हा अगदीं लहान आणि कडू असतो, दुधाची हवी असेल तर कापुचिनो देऊं काय?’ एवढें सांगितल्यावरहि काकांनीं लहानच पेला मागितला, तर तो त्यांना दुकानांतल्या उत्तम ग्राहकासारखा काळजीनें काढून द्यावा, बरोबर पाण्याचा पेला ठेवावा. पाणी आधीं प्यावयाचें असतें, जीभ स्वच्छ व्हावी म्हणून. हेंहि सांगितलें तर उत्तमच.

यासाठीं परीक्षकानें स्वतःच्या टेबलाकडे कमी आणि शेजारच्या टेबलाकडे अधिक पाहावें. चांगल्या कपड्यांतल्या, फोन वर धरून बसलेल्या मनुष्याची सेवा सगळेच चांगली करतात. कॉलेजांतलीं चार मुलें एकच कॉफी घेऊन दीड तास बसलीं तर त्यांच्यावर टेबल पुसण्याचें फडकें कसें फिरतें, हें पाहण्यासारखें असतें. दूध तापविण्याची नळी प्रत्येक वेळीं ओल्या फडक्यानें पुसली जाते काय, तें फडकें आणि टेबलाचें फडकें एकच तर नाहीं, हें पाहावें. काउंटरामागच्या मुलाला बी कोठली आणि ती कधीं भाजली हें विचारावें. पिशवीवर भाजणीची तारीख असते. ती त्यानें वाचली असेल तर त्याला शिकविणारा मालक आहे. आणि तो स्वतः ती कॉफी पितो काय, हेंहि विचारून पाहावें. ज्याला दिवसभर काढलेल्या शंभर पेल्यांतला एकहि चाखावयास मिळत नाहीं, त्याच्याकडून चांगल्या पेल्याची अपेक्षा करणें हें दृष्टिहीनाकडून रंग निवडून मागण्यासारखें आहे. तेथें गुण कापावयाचे ते मालकाचे.

एका भेटींत निकाल देऊं नये. निदान तीन वेळां जावें: एकदां सकाळीं दुकान उघडल्याबरोबर, एकदां रविवारीं संध्याकाळीं गर्दींत, आणि एकदां भर पावसाळ्यांत, आणि तिन्ही वेळां तोच लहान पेला मागवावा. तीन पेले सारखे चांगले निघाले तर बाकीचें फलकावरचें सर्व निर्भयपणें मागवावें. पेला बिघडलेला असेल तर दोन घोटांतला एकच घ्यावा, उरलेला ठेवावा, आणि फोनला हात लावण्यापूर्वीं काउंटरापाशीं जाऊन आवाज न चढवितां काय लागलें तें सांगावें: करपट, आंबट कीं खवट. पेला रिकामा करून मग तक्रार करणाऱ्याचें कोणी ऐकत नाहीं, आणि ऐकूंहि नये. दुकानदारानें दळण जुळवून दुसरा पेला आणून दिला, तर गुण त्या दुसऱ्या पेल्याला द्यावेत. पहिल्याचे पैसे त्यानें मागितले काय, एवढें मात्र टिपून ठेवावें.